लघवीला शेवटचं कधी गेलात?

एप्रिलचा दुसरा आठवडा. गोव्यात डिचोलीकडे काजूचा हंगाम भरात आला की माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागते. दिवसभर वाकून बोंडू वेचायचे आणि संध्याकाळी भरलेला डबा त्याच वाकलेल्या कमरेने उचलून भाटीवर, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीवर, न्यायचा. तासन्‌तास वाकल्याने मणक्यांमधल्या गादीवर मागच्या बाजूला ताण आलेला असतो. त्यात वजनासकट कंबर वळवली की कळ थेट पोटरीत उतरते.

हा 42 वर्षांचा गडी आठ दिवसांपूर्वी येऊन गेला होता. तेव्हा दुखणं फक्त उजव्या पायात होतं. उताणा निजवून पाय सरळ उचलला तर 40 अंशांवर कळ, अंगठा वर ओढायची ताकद थोडी कमी, लघवी-शौच व्यवस्थित. अशी शीर दबलेली बहुतेक माणसं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनविना बरी होतात. त्याला पालथं निजून हातांवर छाती उचलायचा व्यायाम दिला, दर दोन तासांनी 10 वेळा. पायातली कळ कमरेकडे सरकली तर चालू ठेवायचं, खाली उतरली तर थांबायचं. दिवसभर पडून राहायचं नाही, जमेल तेवढं चालायचं.

मधल्या काळात घरच्यांनी पायाळूकडून, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाकडून, पाठीला पाय लावून घेतला. त्यानेच बिघडलं असं मी म्हणणार नाही, गादीचा तुकडा आपणहूनही सुटतो. पण कळ पायात उतरलेली असताना पाठीवर कुणाचाही भार घेऊ नये.

त्या दिवशी आला तो खुशीत. "डॉक्टर, आज कळ निम्म्यावर आलीय." चाल मात्र मला आवडली नाही. दोन्ही पावलं लादीवर फटक-फटक आपटत होती.

"लघवीला शेवटचं कधी गेलात?"

"काल दुपारी. उन्हातलं काम, पाणी सगळं घामावाटे जातं."

गोव्यातल्या उन्हाळ्यात हे उत्तर सहज पटतं, आणि धोका तिथेच आहे. सकाळपासून तांब्याभर पेज आणि दोन बाटल्या पाणी पोटात गेलं होतं. ओटीपोटावर हात ठेवला तर बेंबीखाली घट्ट गोळा लागला. मूत्राशय तुडुंब, तरी त्याला लागल्याची जाणीव नाही. सोबत आलेल्या वहिनींना बाहेर बसवून पुढचं विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "धुताना हाताला कळतं, पण त्या जागेला नाही."

या वाक्यानंतर शंकेला जागा नव्हती. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. खाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. लघवी, शौच, लैंगिक संवेदना यांच्या नसा त्यातच असतात. गादीचा मोठा तुकडा तिथे पडला की सगळ्या एकदम चेपतात. कळ कमी होणं कधीकधी बरं होण्याचं नसून नस बधिर पडण्याचं लक्षण असतं. कापसाने तपासलं: मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती स्पर्श नाही. टाचेमागे हातोडीने ठोकल्यावर पावलाला येणारा झटका दोन्हीकडे गायब.

मशीन, शेक, ट्रॅक्शन काहीही लावलं नाही. ऑपरेशन लागलंच तर म्हणून खाणंपिणं बंद. 108 ला फोन, आणि चिठ्ठीवर चारच ओळी: लघवी केव्हापासून बंद, बधिरपणा कुठे, पायांची ताकद किती, तपासल्याची वेळ. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचताच नळी घातली तेव्हा 850 मिली लघवी निघाली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुटलेली दिसली, रात्रीच ऑपरेशन झालं. अशा वेळी उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

त्याची नळी तीन आठवड्यांनी निघाली. पावलाची ताकद पावसाळा सरेपर्यंत हळूहळू येत गेली, डाव्या टाचेजवळ अजून थोडं बधिर आहे. पुढच्या हंगामात तो टोकाला खिळा लावलेल्या लांब काठीने उभ्यानेच बोंडू टोचून गोळा करत होता. डबा अर्धाच भरायचा, अंगाला चिकटवून धरायचा, वळायचं ते पावलांनी.

माझ्याकडे कमरेच्या प्रत्येक पेशंटला आता दर खेपेला लघवीचं विचारलं जातं, पहिल्या दिवशी उत्तर ठीक आलेलं असलं तरी. आणि ते विचारताना नातेवाईक बाहेर.