कॅप्टन डुलक्या घेतात, हे सेफ्टी रिपोर्टच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

दारूचा मामला असता तर हे लिहायची वेळच आली नसती. तिथे यंत्र आहे. फुंकर मारा, ०.००० आलं तर विमानाकडे, नाही तर घरी. आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास थेंबही चालत नाही आणि आकडा शून्यच लागतो. पहिल्यांदा सापडलात तर लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर तोंड धुऊन, १५-२० मिनिटं थांबून दुसरी देता येते. (माउथवॉशनेही आकडा हलतो, ड्यूटीच्या दिवशी ती बाटली कपाटातच राहू द्या.) शेजारच्याच्या तोंडाला वास आला तर ड्यूटी डॉक्टरच्या कानावर घालायचं, पुढचं यंत्र बघतं. जिथे सगळ्यांना फुंकायला लावत नाहीत तिथे मात्र माणसाचं नाक लागतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या हीथ्रोवर जपान एअरलाइन्सच्या को-पायलटला अटक झाली, ती क्रू बसच्या ड्रायव्हरला वास आला म्हणून.

झोपेला असं यंत्र नाही. मी को-पायलट आहे, छोटे-मध्यम सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतची उड्डाणं, करते. ज्या कॅप्टनबद्दल बोलायचं होतं ते अनुभवी, हात उत्तम, स्वभाव त्याहून चांगला. क्रूझमध्ये, म्हणजे विमान वर जाऊन सरळ उडत असताना, मात्र त्यांची मान खाली जायची आणि रेडिओवर आलेली हाक सुटायची. कॉकपिटमध्ये माणसं दोनच, त्यामुळे साक्षीदार फक्त मी.

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का करायला हवा. ठरवून घेतलेली झोप वेगळी. जिथे परवानगी आहे तिथे 'कंट्रोल्ड रेस्ट' दुसऱ्या वैमानिकाला सांगून, केबिन क्रूला कळवून घेतात. ती जास्तीत जास्त ४० मिनिटांची असते, आणि उठल्यावर निदान २० मिनिटं त्या माणसाकडे काही सोपवायचं नाही. न सांगता लागलेली डुलकी यात बसत नाही. झोपेतून उठल्याउठल्या मेंदू पूर्ण चालू झालेला नसतो, हे आपल्याला फार महागात कळलेलं आहे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॉकपिट रेकॉर्डरवर कॅप्टनचं घोरणं आहे, आणि शेवटी को-पायलटने पुन्हा पुन्हा म्हटलेलं 'गो अराउंड' (उतरू नका, परत वर घ्या) हेसुद्धा आहे.

दुसरा फरक दमलेला आणि आजारी यांतला. तो डोळ्यांनी कळत नाही, रोस्टरवरून, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावरून कळतो. चार दिवस पहाटे तीनला उठून ड्यूटी केलेला माणूस पाचव्या दिवशी पेंगतो, त्यात नवल नाही. तो दोष रोस्टरचा. आता साप्ताहिक विश्रांती सलग ४८ तासांची आहे. ती घेऊन आलेला माणूस पहिल्याच दिवशी, पहिल्याच सेक्टरला, सकाळी दहा वाजता पेंगत असेल तर रोस्टरकडे बोट दाखवता येत नाही. मग सर्दीची गोळी आहे का, हे आधी बघा. आपल्याकडे केमिस्ट न विचारता देतो त्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन असतं, आणि दोन्हींनी गुंगी येते. तेही नसेल तर डॉक्टरांचा विषय सुरू होतो.

स्लीप ॲप्नियात झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो, आणि माणसाला यातलं काही आठवत नाही. तासाला ५ ते १५ वेळा असं झालं तर सौम्य, ३० च्या वर गेलं तर गंभीर. आठ तास अंथरुणात काढूनही झोप झालेलीच नसते. त्यामुळे 'मी भरपूर झोपतो' हे तो प्रामाणिकपणे सांगत असतो. जोरात घोरणं, जाड मान, सकाळी डोकं दुखणं, गोळ्यांनाही न जुमानणारं बीपी, या खुणा. फेब्रुवारी २००८ मध्ये हवाईत होनोलुलूहून हिलोला निघालेल्या 'गो!' कंपनीच्या विमानात भर सकाळी दोन्ही वैमानिक झोपले. १८ मिनिटं एटीसीला (जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रणाला) उत्तर नाही, विमान हिलो ओलांडून समुद्रावर. जागे झाले, वळले, सुखरूप उतरले. नंतर तपासणीत कॅप्टनला गंभीर स्लीप ॲप्निया निघाला. तपास अहवालात दोन कारणं शेजारी शेजारी आहेत: हा आजार, आणि सलग काही दिवसांच्या पहाटेच्या ड्यूट्या.

आता फॉर्म. माझा राग अजून गेलेला नाही तो इथे.

सेफ्टी रिपोर्टच्या पहिल्याच पानावर प्रकार निवडायचा असतो: तांत्रिक, पक्षी, रॅम्प, केबिन, एटीसी, फटीग (थकवा), इतर. 'सहकाऱ्याची प्रकृती' असा प्रकारच नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून फटीग निवडला की फॉर्म विचारतो: गेल्या २४ तासांत तुम्ही किती झोपलात? ४८ तासांत किती? आणि १ ते ७ मध्ये तुमचा थकवा सांगा. १ म्हणजे टवटवीत, ७ म्हणजे पार गळालेला. तुमचा! अहो, मी टवटवीत होते, म्हणून तर हाका ऐकू आल्या. समोरच्या माणसाबद्दल लिहायला शेवटी एक चौकट, तीही अक्षरं मोजून. उत्तर काय यायचं ते उघड आहे: आपली ड्यूटी व विश्रांती नियमांच्या मर्यादेत आढळली, अहवाल बंद. नियमांत बसणारी ड्यूटी आणि उडायला लायक माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तपासणारा फक्त पहिली तपासतो, कारण तिचे आकडे संगणकातच असतात.

'इतर' निवडलं तर वेगळी गंमत. 'घटना काय?' हा रकाना सक्तीचा. उंची चुकली? नाही. गो अराउंड झालं? नाही. एटीसीने तक्रार केली? नाही, कारण तिसऱ्या हाकेला मी उत्तर दिलं. म्हणजे घटना नाही. सावरलं म्हणून घटना नाही, आणि घटना नाही म्हणून अहवाल नाही.

मग फोन. सेफ्टीवाले म्हणतात हा मेडिकलचा विषय. मेडिकलवाले म्हणतात कॅप्टनचं क्लास १ मेडिकल, म्हणजे वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, चालू आहे, आम्ही काय करणार, चीफ पायलटच्या ऑफिसमधून येऊ द्या. चीफ पायलटचं ऑफिस म्हणतं सेफ्टीकडे लेखी द्या. या चक्रात कुणीही उद्धट बोलत नाही, सगळे 'नक्की बघतो' म्हणतात, आणि तोवर रोस्टरवर त्याच कॅप्टनचं नाव तुमच्या नावाशेजारी पुन्हा येतं.

'मेडिकल चालू आहे' या वाक्यावर अडकू नका. क्लास १ मेडिकल साधारण १२ महिने चालतं, साठीनंतर ६. त्यात ईसीजी, डोळे, कान, रक्त, लघवी बघतात. एका सकाळच्या तपासणीत कुणी डॉक्टरांसमोर झोपत नाही. आणि नियम असा आहे की तब्येत खालावल्याचं कळलं की लायसन्सधारकाने, प्रमाणपत्राची तारीख शिल्लक असली तरी, उडायचं नाही. तारीख म्हणजे ढाल नव्हे. मेडिकलला पाठवलेल्या पत्रात मी हेच पहिलं वाक्य लिहिलं आणि तिथून फाइल हलली.

ते पत्र कसं असावं, हे सविस्तर सांगते, कारण कुणी सांगत नाही. एक पान. कंपनी डॉक्टरच्या नावाने, प्रत सेफ्टीच्या प्रमुखांना. निदान लिहायचं नाही. 'स्लीप ॲप्निया' हा शब्दसुद्धा नाही, तो डॉक्टरांना सुचू द्या. 'बेजबाबदार', 'नेहमीच' असले शब्द काढून टाका. फक्त दिसलं ते. नमुना म्हणून: 'क्रूझ, एफएल ३४०, ०४१२ यूटीसी. एटीसीच्या दोन हाका सुटल्या, तिसरीला मी उत्तर दिलं. दोनदा नावाने हाक मारूनही कॅप्टनकडून प्रतिसाद नाही, खांद्याला हात लावल्यावर जागे झाले. कंट्रोल्ड रेस्ट ठरलेली नव्हती. साप्ताहिक सुट्टीनंतरचा पहिला सेक्टर.' (एफएल ३४० म्हणजे साधारण ३४ हजार फूट उंची, यूटीसी म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ.) रेडिओची फ्रिक्वेन्सी लिहा, १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर हाक आली असेल तर तेही. शेवटी मागणी एकच: वैद्यकीय मूल्यमापन व्हावं. 'कारवाई' मागितलीत की प्रकरण शिस्तीच्या टेबलावर जातं, आणि तिथे तुमची एकटीची साक्ष पुरत नाही.

वेळ यूटीसीतच का? एटीसीची ध्वनिमुद्रणं यूटीसीनेच शोधतात, आणि ती निदान ३० दिवस ठेवायची असतात. महिना उलटून गेल्यावर लिहिलंत तर दुजोरा द्यायला काही उरेलच याची खात्री नाही. कॉकपिट रेकॉर्डर असल्या कामाला काढत नाहीत. तो अपघात आणि गंभीर घटनांसाठी, आणि जुन्या विमानांत जेमतेम दोन तासांचा.

गुप्ततेबद्दल. फॉर्मवर 'नाव गुप्त ठेवा' अशी चौकट असते. खूण करा, पण भरवसा ठेवू नका. तारीख आणि सेक्टर लिहिला की कॉकपिटमधला दुसरा माणूस कोण, हे कॅप्टनना शोधावं लागत नाही. म्हणून मी आधी त्यांनाच सांगायच्या मताची आहे. विमानात नाही, क्रू बसमध्ये सगळ्यांसमोर तर मुळीच नाही. पार्किंग चेकलिस्ट संपल्यावर, दोघंच असताना. 'सर, आज दोन हाका सुटल्या. रात्री झोप नीट लागते का? घरी कुणी घोरण्याबद्दल बोलतं का?' या प्रश्नावर बहुतेक जण हसतात आणि बायकोचं नाव घेतात. तेच उत्तर असतं. मग स्पष्ट सांगायचं की सर, मला हे डॉक्टरांना कळवावं लागेल, तुम्ही स्वतः गेलात तर जास्त बरं. स्वतःहून गेलेल्या माणसाची वागणूक ऑफिसात निराळी असते. दारू किंवा नशेचा संशय असेल तर मात्र आधी त्यांच्याशी बोलायच्या भानगडीत पडू नका, सरळ डॉक्टर.

कंपनीत पीअर सपोर्ट, म्हणजे अडचणीतल्या वैमानिकांशी बोलायला प्रशिक्षित सहकारी वैमानिक असतील, तर त्यांच्याशी बोलून बघा. युरोपात २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या को-पायलटने मुद्दाम विमान डोंगरावर आपटलं, त्यानंतर ही सोय विमान कंपन्यांना सक्तीची केली. आपल्याकडे कुठे ती जिवंत आहे, कुठे नोटीस बोर्डावरच.

भीती सगळ्यांना एकच असते: माणसाची नोकरी जाईल. झोपेच्या आजारात तसं होत नाही. एका रात्रीची झोपेची तपासणी, तात्पुरतं अनफिट, झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र, आणि उपयोग दिसला की परत उड्डाण. अमेरिकेत एफएए या हवाई नियामक संस्थेची अट अशी की यंत्र झोपेच्या ७५ टक्के वेळा आणि सरासरी ६ तास तरी लावलेलं असावं. यंत्रातच नोंद राहते, थापा चालत नाहीत. तिथे दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्या वैमानिकांनाही १९७४ पासून ठरलेल्या कार्यक्रमातून परत आणतात. पण अनफिटच्या काळात उड्डाणाच्या तासांवरचा भत्ता बुडतो हे खरं आहे, आणि ईएमआय असलेला माणूस का गप्प बसतो ते समजू शकतं. आमचे कॅप्टन परत उडतात. माझ्याशी आता जरा मोजकंच बोलतात. चालायचंच.

विमानात असताना काय करायचं ते मध्ये राहून गेलं. तुमच्या दोन हाकांना उत्तर आलं नाही की शेजारचा वैमानिक अक्षम आहे असं धरायचं. 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं, ऑटोपायलट तपासायचा, मग केबिन क्रूला बोलवायचं. ज्येष्ठतेचा विचार उतरल्यावर. आणि संशय जमिनीवरच आला तर दार बंद होण्याआधी ड्यूटी मॅनेजरला फोन करा: 'या स्थितीत मी हे उड्डाण करू शकत नाही, डॉक्टरांकडून तपासून घ्या.' बेसवर स्टँडबाय कॅप्टन मिळतो. बाहेरगावी मुक्कामाला असाल तर विमान काही तास रखडेल आणि सगळे तुमच्याकडे बघतील. बघू द्या.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही नको. पत्राला पोच मागा, क्रमांक लिहून ठेवा, उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर पुन्हा विचारा, नवीन मेल करू नका. अंतर्गत मार्ग खरोखर बंद झाला तर डीजीसीएची, म्हणजे आपल्या सरकारी हवाई नियामकाची, ऐच्छिक अहवाल व्यवस्था आहे.

आणि फॉर्म मोबाइलवर थेट भरू नका. पानाची वेळ संपली की लिहिलेलं सगळं उडतं, आणि तो परत विचारतो की गेल्या २४ तासांत तुम्ही किती झोपलात.