खडकावरची पांढरी जाळी

समुद्रतळाच्या छायाचित्रांत एखाद्या कपारीत किंवा सागरी गुहेच्या भिंतीवर लेससारखी नाजूक पांढरी जाळी दिसली, की बहुतेक जण तिला प्रवाळ समजून पुढे सरकतात, याची मला फार हळहळ वाटते. ती साल्मासिना आणि फिलोग्राना या वंशांतील कृमींची वसाहत असते. गांडुळाचे हे दूरचे नातलग होत.

जाळीचा प्रत्येक धागा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची नळी. आत काही मिलिमीटर लांबीचा कृमी राहतो आणि नळीच्या तोंडातून फक्त त्याचा पिसांचा तुरा बाहेर डोकावतो. या तुऱ्यावरील सूक्ष्म केस सतत हलत राहून पाणी खेचतात, अन्नकण गाळून तोंडाकडे सरकवतात. शिवाय श्वसनही त्यातूनच चालते. पाण्यात जराशी खळबळ झाली, की तुरे झटकन आत जातात आणि क्षणापूर्वी फुललेली वसाहत नुसता चुन्याचा गुंता दिसू लागते. फिलोग्रानाच्या तुऱ्यावर झाकणे असतात, साल्मासिनाला ती नसतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती जाळी वाढण्याची रीत. कृमीच्या शरीराच्या मध्यावरच नवे डोके आणि नवा तुरा तयार होतो, मागचा भाग पुढच्यापासून सुटून स्वतंत्र कृमी बनतो, आणि तो स्वतःची नळी बांधू लागला की जुन्या नळीला फाटा फुटतो. साल्मासिना डिस्टेरी या जातीचे वर्णन ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्ली यांनी 1855 मध्ये केले, तेव्हा हा कृमी उभयलिंगी असून विभाजनानेही वाढतो, याची त्यांनी मुद्दाम नोंद केली. वसाहत फोफावते ती विभाजनाने. दूरच्या खडकावर नवी वसाहत वसवण्याची कामगिरी मात्र लैंगिक प्रजननातून जन्मलेल्या, पाण्यात तरंगणाऱ्या अळ्यांकडे असते.

गुहेच्या अंधारात शैवाल वाढत नाही, त्यामुळे जागेसाठीचा एक मोठा स्पर्धक आपोआप कमी होतो. स्पंज आणि ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे सूक्ष्म प्राणी) मात्र तेथेही असतातच. प्रवाह अन्न आणून देत असेल, तर एवढ्यावर या कृमींचे भागते. त्यांच्या नळ्या इतक्या ठिसूळ असतात, की पाणबुड्याच्या पायातील फिनचा ओझरता धक्काही त्यांचा चुरा करू शकतो, म्हणून गुहेत शिरणाऱ्यांनी भिंतीपासून अंतर राखून पोहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.