कालव्यातल्या होड्या आणि पाण्यावरचं ऊन: माझा अनुभव

कालव्यातल्या होड्या काठावर बसून तैलरंगात रंगवायच्या होत्या. १२ × १६ इंचांचा कॅनव्हास आणि दोन तासांची बैठक. जागेवर बसून याहून मोठं झेपत नाही, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि सावल्या पार भलतीकडे जातात. म्हणून रंगांना हात लावण्याआधी पेन्सिलीने पाच मिनिटांत सावल्यांचा कच्चा आराखडा करून घेतला. मग ऊन कुठेही जावो, चित्रातलं ऊन त्या कागदावरचंच.

कॅनव्हासवर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे तैलरंग पातळ करायच्या द्रावणात, कोऱ्या चहाइतका पातळ करून फिरवला आणि चिंधीने पुसून काढला. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. मग हात आपोआप सगळंच फिकं करत सुटतो आणि शेवटी उन्हाला जागाच उरत नाही.

होडीसाठी इंग्रजी आठचा आकडा आडवा, ताणून काढला, एक वाटोळं लहान, एक मोठं. काठाची वळणं त्यातून बरीचशी मिळतात. बांधलेली होडीसुद्धा दोरावर झुलत असते. ती परत मूळ जागी येईपर्यंत थांबायचं, तिच्या मागे रेघ पळवायची नाही.

प्रतिबिंबात मी सपशेल फसलो होतो. वरची होडी जशीच्या तशी उलटी करून खाली चिकटवली आणि ती पाण्यावर तरंगायच्या ऐवजी टांगल्यासारखी दिसू लागली. पाणी होडीकडे खालून बघतं. आपल्याला वरून आतल्या फळ्या दिसतात, पण प्रतिबिंबात त्या नसतात; तिथे फक्त बाहेरची बाजू दिसते. डोलकाठी डावीकडे कललेली असेल तर प्रतिबिंबही डावीकडेच कलतं. रंगाचंही तसंच: पांढऱ्या होडीचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा एक छटा गडद, काळ्या होडीचं एक छटा फिकं. पांढऱ्याच्या प्रतिबिंबाला टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित रॉ अंबर (गडद तपकिरी) पुरलं. पायाजवळच्या पाण्यात तळाचा हिरवट-तपकिरी रंग दिसतो, दूरच्या पाण्यात आकाश. सगळीकडे एकच निळा फासला की पाण्याचा पत्रा होतो.

होडीच्या सावलीतल्या बाजूवर पाण्यावरून उसळलेलं ऊन नाचत असतं. हा मोह आवरायचा. ऑकरमध्ये जरासा नारिंगी घालून सावलीपेक्षा फक्त एक छटा उजळ ठेवला. उन्हातल्या बाजूइतका उजळला असता तर होडीची गोलाई मोडली असती.

पाण्यावरची चमक अगदी शेवटी. मध्येच ओल्या निळ्यावर पांढरा लावला तेव्हा त्याचं ताक झालं. तेवढा भाग नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडला, पुसला आणि मग टायटॅनियम व्हाइटमध्ये कॅडमियम यलोचा ठिपकाभर अंश मिसळून, तेल न घालता, नाइफच्या टोकाने आडवे फटके ठेवले. दूर बारीक आणि दाट, जवळ रुंद आणि विरळ. एका जागी एकदाच. दुसऱ्यांदा घासला की मळला. डोळे किलकिले करून पाहिलं, दहापैकी चार काढून टाकले.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचा, पुढचे थर जवसाचं तेल घातलेल्या रंगाचे. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि तडकतो. जाड फटके वाळायला महिने लागतात, त्यामुळे व्हार्निश सहा महिन्यांनीच. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेटू शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवायच्या.