मुका बी

इंग्रजीतल्या सायलेंट अक्षरांवर माझा शाळेपासून राग. लिहिलं नाही तर गुण कापणार, बोललं तर वर्ग हसणार. पण या मुक्यांतही दोन तऱ्हा आहेत हे कळलं आणि निम्मा राग निवळला. उरलेला मात्र दुप्पट झाला.

पहिली तऱ्हा एकेकाळी खरोखर बोलणाऱ्यांची. सरदार या अर्थाचा 'नाइट' जुन्या इंग्रजीत साधारण 'क्निख्त' असा म्हणत, आणि अर्थ होता पोरगा, नोकर. पोराचा सरदार झाला, पण केचा आवाज गेला आणि जीएचचाही. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटल्यावर स्पेलिंगं हळूहळू छापात घट्ट होत गेली. जिभा थोड्याच थांबणार? या अक्षरांना मी माफ केलंय.

दुसरी तऱ्हा घुसखोरांची. कर्ज या अर्थाचा 'डेट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे लॅटिनवर जीव टाकणाऱ्या विद्वानांना आठवलं, की याचं मूळ 'देबितुम'. झालं! शब्दाचं खानदान दिसायला हवं म्हणून बी आत कोंबला. 'डाउट'चीही तीच गत. 1598 मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये होलोफर्निस नावाचा पंतोजी करवादतो, की लोक या शब्दांतला बी खातात. अहो, खातील कुठून? पानात कधी वाढलाच नव्हता!

बरं, खानदान तरी नीट शोधावं. 'आयलंड' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. लॅटिन 'इन्सुला'तून आला तो 'आइल', अर्थ तोच, बेट. पण दोघे दिसायला सारखे, म्हणून याच्याही गळ्यात एस. 'कुड'मधल्या एलला तर एवढंही निमित्त नाही. 'वुड', 'शुड'मध्ये आहे ना, मग हवाच.

काही घुसखोर मात्र नशीबवान निघाले. 'फॉल्ट'मध्ये मुळात एल नव्हता, तोही लॅटिनच्या ओढीने आला. 1755 च्या कोशात सॅम्युअल जॉन्सन नोंदवतो, की बोलताना हा एल बहुधा गाळतात. पण छापलेलं वाचून वाचून तो जिभेवर बसला. आज कोणी गाळलाच, तर चारचौघांत त्याचाच उच्चार सुधारतील.