तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रंथपालाला ही नवी साधनं कशाला?

"मॅडम, पुस्तकं सांभाळायची सोडून तुम्ही सारखं ते ॲप न् स्कॅनिंग काय करत बसता?" हा प्रश्न मला वाचक विचारतात, आमच्या कार्यकारी मंडळातली माणसं विचारतात आणि घरचेही विचारतात. त्यात काळजी असते, हे मला कळतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. ग्रंथालयाविषयी असं हक्कानं विचारायची कोल्हापूरला जुनी सवय आहे. म्हणून सविस्तर सांगते.

वाचक फोनवर कधीच पोचलाय. तिथं त्याला मराठी पुस्तक सापडतं का, हे कुणीतरी बसून तपासायला हवं, आणि माझ्या मते ते काम ग्रंथपालाचंच.

कॅटलॉगचं कुठलंही नवं सॉफ्टवेअर आलं की मी आधी त्यात 'ॲ' असलेलं एखादं शीर्षक शोधून बघते. हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्याचा स्वतंत्र संकेतांक आहे, आणि साध्या 'अ'वर चंद्र देऊनही ते उमटतं. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राच्या लेखी मात्र ती वेगळी अक्षरं. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतल्या अर्ध्या 'र'चंही तेच. नोंद करणाऱ्यानं एका पद्धतीनं लिहिलं आणि वाचकानं आपल्या कीबोर्डवरून दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर पुस्तक कपाटात असताना पडद्यावर 'नोंद सापडली नाही' असं येतं. वाचक काही भांडायला येत नाही. पुस्तक इथं नाही असं समजून तो निघून जातो, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागतं. नोंदीसाठी जगभर वापरतात त्या मार्क २१ पद्धतीत पर्यायी शीर्षकासाठी २४६ क्रमांकाचा रकाना आहे. तिथं मी शीर्षकाचं दुसरं रूपही भरते. वेळ जातो, पण पुस्तक सापडतं.

स्कॅनिंगचं काम याहून मोठं. पान स्कॅन केलं की मिळतो तो पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही. फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारी ओसीआर साधनं आता मराठीतही बऱ्यापैकी चालतात. पण जुना छापा आणि फिकट शाई असली की 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो, 'ख'चा 'रव' होतो. मग ओळीवर बोट ठेवून मुद्रितं तपासावी लागतात. शिवाय प्रत्येक पुस्तक असं सर्वांसाठी खुलं करता येत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर २०३६ च्या अखेरपर्यंत हक्क आहे.

दृष्टिहीन वाचकांसाठी मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानंच वाट करून दिली आहे. त्यांना वाचता येईल अशा रूपात, नफा न कमावता, पुस्तकाची प्रत करून देता येते. माझा या साधनांवर जीव जडला तो इथंच. आमच्याकडे एक दृष्टिहीन मुलगा अभ्यासाला येतो. फोनमधलं वाचून दाखवणारं साधन तो इतक्या वेगात लावतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही. नुसता फोटो असलेली फाइल उघडली तर फोन गप्प. मी तपासलेला मजकूर दिला, तर तो मान खाली घालून ऐकत राहतो, मध्येच थांबवतो आणि म्हणतो, "मॅडम, इथं 'धर' म्हणतंय बघा, 'घर' पायजे." माझ्या नजरेतून सुटलेलं त्याच्या कानाला सापडतं. आता आमच्या फायलींची शेवटची तपासणी त्याच्याकडूनच होते.

प्रश्नाला झटकन उत्तर देणारी एआयची साधनंही मी वापरून बघते. शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आदेशावर, म्हणजे नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याच्या आदेशावर, लिहायला घेतलेली एक विद्यार्थिनी अशाच साधनानं दिलेली संदर्भपुस्तकांची यादी घेऊन आली होती. लेखक, प्रकाशक, साल, सगळं व्यवस्थित मांडलेलं. पण त्यातली काही पुस्तकं आमच्या कॅटलॉगमध्ये नव्हती, शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातही नव्हती, कुठंच नव्हती. तिला मी करवीर सरकारच्या गॅझेटकडे वळवलं, कारण मूळ आदेश तिथं छापून आला होता. विषयाची तोंडओळख करून घ्यायला ही साधनं ठीक आहेत. संदर्भयादी मात्र हातात पुस्तक घेऊनच करायची, असं मी मुलांना स्पष्ट सांगते.

आणि कुणी नवं सॉफ्टवेअर दाखवायला आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमच्या नोंदी बाहेर कशा काढायच्या? कोहासारख्या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरमधून त्या मार्क २१ मध्ये जशाच्या तशा निघतात, मराठी अक्षरांसकट. ज्यातून त्या निघत नाहीत ते दिसायला कितीही देखणं असो, फुकट दिलं तरी मी घेत नाही.