बंदूक कमी, गार पाणी जास्त

मागच्या डिसेंबरात इंदूरजवळच्या चोरलला गेलो होतो, सकाळी सकाळी भाचा म्हणाला मामा पाण्यात उतरून दाखव, आणि मी येडा उतरलो पण. दोन मिनिटांत पोटऱ्या बधिर, तोंडातून नुसतं हू हू. तेव्हा ते अमेरिकेतले जुने ट्रॅपर आठवले, म्हंजे फरसाठी सापळे लावून जनावरं पकडणारे.

मला आधी वाटायचं घोडा, बंदूक, शेकोटी, बस मजा. वाचायला लागलो तर कळलं यांचं अर्धं आयुष्य बर्फासारख्या पाण्यात गेलंय! १८२०-३० च्या काळात रॉकी पर्वतात हे बीव्हर पकडायचे, म्हंजे चपट्या शेपटीची मोठी घूस समजा. किनाऱ्यावर माणसाचा वास राहू नये म्हणून ओढ्यातूनच चालत जायचं, लोखंडी सापळा पाण्याखाली मांडायचा, वर एका काडीला बीव्हरच्याच ग्रंथीचा उग्र वास फासायचा, जनावर वासाला आलं की पाय अडकला, ते खोल पाण्याकडे पळणार आणि सापळ्याच्या वजनाने बुडणार. फर दाट असते शरदात आणि वसंतात, म्हणून काम नेमकं तेव्हाच, गारठ्यात.

आणि हे सगळं कशासाठी, तर साहेब लोकांच्या हॅटसाठी! मग रेशमी हॅट आल्या, बीव्हरही संपत आले, आणि १८२५ पासून दर उन्हाळ्यात भरणारी यांची मालविक्रीची जत्रा १८४० ला शेवटची भरली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, आमच्या गल्लीतल्या पगडीवाल्याचं पण हेच झालं, लोकं उघड्या डोक्याने फिरायला लागली, त्याने पानाची टपरी टाकली.

यांना टपरी नव्हती पण डोंगरातल्या वाटा पाठ होत्या, मग झाले वाटाडे. जिम ब्रिजरला लिहिता-वाचता येत नव्हतं तरी अख्खा मुलूख डोक्यात. किट कार्सनचं मात्र वाचवत नाही, १८६३-६४ मध्ये याच गड्याने सैन्य घेऊन तिथल्या मूळच्या नवाहो लोकांची शेतं जाळली, उपासमारीने त्यांना शरण यायला लावलं. त्याला हिरो म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

परतताना भाच्याला ब्रिजरचा किस्सा सांगितला. पाठीत बाणाचं लोखंडी टोक घेऊन तीनेक वर्षं फिरला गडी, १८३५ च्या जत्रेत एका डॉक्टरने भूल न देता ते कापून काढलं, चारी बाजूंनी लोकं उभी राहून बघतायत. पोरगं सिमरोल येईपर्यंत हात मागे नेऊन स्वतःची पाठ चाचपत होतं.