एकांकिकेचा तिसरा खर्डा : माहिती कोणाच्या तोंडी द्यावी?

दुसऱ्या खर्ड्याचे वाचन लालबागला एका मित्राच्या घरी झाले. 42 पाने वाचायला 55 मिनिटे लागली, आणि त्यातल्या पहिल्या सहा पानांत कोण कोणाचा कोण याखेरीज काहीही घडले नाही. गिरगावातील चाळ पुनर्विकासाला जायची आहे, संमतिपत्रावर तीन भावंडांच्या सह्या हव्या आहेत आणि सात वाजता समितीचा माणूस कागद न्यायला येणार आहे, हे सर्व माझी पात्रे एकमेकांना सांगत बसली होती, जणू त्यांना ते आधी ठाऊकच नव्हते.

या अडचणीवर उपाय शोधताना विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक पुन्हा वाचले, या वेळी केवळ पहिला अंक, पेन्सिल हातात घेऊन. तिथे सामंत हा गावचा माणूस प्रयोगासाठी आलेल्या नाटकमंडळींना ओळखत नाही, म्हणून त्यांच्यातलीच बेणारे, नाटकाची नायिका, त्याला एकेकाची ओळख करून देते. आपल्याला पात्रपरिचय मिळतो. पण ती ओळख थट्टेने, टोचून करून दिलेली असते, आणि ज्यांची थट्टा झाली तीच माणसे पुढे खेळ म्हणून मांडलेल्या खोट्या खटल्यात तिच्यासमोर उभी राहतात. अंक संपता संपता तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप येतो तेव्हा खेळाची दिशाच फिरते. म्हणजे माहिती देणे हीच तिथे कृती आहे, आणि तिची किंमत बोलणारीलाच मोजावी लागते. सामंतासारखा अनभिज्ञ माणूस आणण्याची युक्ती मलाही सुचली होती. परंतु मी आणलेला शेजारी नुसता ऐकून निघून जात होता.

तिसऱ्या खर्ड्यात शेजारी काढून टाकला. आता समितीचा माणूसच पाऊण तास लवकर येतो आणि धाकट्या बहिणीला, ती लग्न होऊन गेलेली असल्यामुळे, हक्कदार धरत नाही. स्वतःचा हक्क सिद्ध करण्यासाठी तिला घरचा इतिहास सांगावाच लागतो आणि त्या भरात थोरल्याने दडवलेली एक गोष्ट तिच्या तोंडून निसटते. सहा पानांची अडीच झाली.

दुसरा बदल मोठा होता. थोरल्याने सही आधीच केली आहे, हे मी शेवटच्या पानासाठी राखून ठेवले होते. धक्का बसत होता, पण दोन मिनिटांत विरतही होता. आता प्रेक्षकाला ते नवव्या पानावर कळते आणि भावंडांना शेवटी. त्यामुळे मधली साधी वाक्येही, अगदी ‘पेन कुठे ठेवलंस?’ हेसुद्धा, ताणाची झाली आहेत. (भरताच्या नाट्यशास्त्रातील पाच संधींची, म्हणजे कथानकाच्या पाच टप्प्यांची, चौकटही लावून पाहिली, मुखसंधीत, म्हणजे पहिल्याच टप्प्यात, पेरायचे कथेचे बीज मी अकराव्या पानावर पेरत होतो, एवढा दोष तिने दाखवला.)

बहिणीची एक्झिट मात्र अजून जमलेली नाही. ती रागाने निघून जाते तेव्हा तिचे जाणे खरे वाटते, परंतु मंचावर उरलेल्या दोघांना करण्यासारखे काही राहत नाही. आणि तिला थांबवून धरले तर सही होण्याचे कारणच संपते. रविवारच्या वाचनात दोन्ही पर्याय आणतो आहे.